ॲसिड स्लरीच्या बॅरलची साठवण : लोखंडी टाकी, पावसाळा आणि शेजारी ठेवलेले हायपो

निळी_पावडर यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. सांगली जिल्ह्यातल्या एका औद्योगिक वसाहतीत, भाड्याच्या गाळ्यात, कपडे धुण्याची पावडर आणि भांडी घासण्याचे लिक्विड तयार करण्याचा आमचा लहानसा उद्योग आहे. माझ्यासह पाच जणी काम करतो. आतापर्यंत आम्ही ९० टक्क्यांची ॲसिड स्लरी ५० किलोच्या कॅनमधून आणत होतो आणि ती लगेच संपतही असे, त्यामुळे साठवणीचा विचार करण्याची वेळच आली नव्हती. आता पुरवठादाराने ९६ टक्क्यांची स्लरी बॅरलमधून देऊ केली आहे आणि एकदम तीन बॅरल उचलल्यास दरातही बरीच सवलत आहे.

गाळ्याला पत्र्याचे छत आहे, जमिनीवर शहाबादी फरशी आहे आणि पावसाळ्यात एका कोपऱ्यात थोडे गळते. माझ्या दिरांकडे तोटी बसवलेली, वापरात नसलेली एक लोखंडी टाकी आहे. बॅरलमधली स्लरी तीत ओतून ठेवली तर रोज तोटीने काढून घेणे सोपे जाईल, असे त्यांचे म्हणणे आहे. त्याच भिंतीला लागून आम्ही बाटल्यांत भरून विकण्यासाठी आणलेल्या हायपोचे, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट या पातळ ब्लीचचे, कॅनही असतात. पुरवठादाराकडे मी सुरक्षिततेविषयी विचारणा केली, तेव्हा "हे साबणाचेच सामान आहे, काही होत नाही" एवढेच उत्तर मिळाले. माल उतरवायला आलेल्या चालकाने मात्र अंगावर उडाल्यास लगेच सोड्याचे पाणी लावा असे सांगितले. या दोघांपैकी कोणावर विश्वास ठेवावा हे कळत नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

जुना_पर्यवेक्षक यांचे उत्तर

ताई, दोघांवरही ठेवू नका. चालकाच्या सल्ल्याबद्दल अधिक अधिकाराने सांगणारे येथे आहेत, म्हणून मी माल आणि भांडी यांच्यापुरते लिहितो.

आपण जिला ॲसिड स्लरी म्हणतो ते लिनिअर अल्किल बेन्झीन सल्फॉनिक ॲसिड आहे. लॅब, म्हणजे लिनिअर अल्किल बेन्झीन, नावाचे तेलकट रसायन, जे आपल्याकडे रायगड जिल्ह्यात पाताळगंगेलाही तयार होते, त्याच्यावर सल्फर ट्रायऑक्साइडची किंवा ओलियमची (सल्फर ट्रायऑक्साइड विरघळलेल्या सल्फ्युरिक ॲसिडची) प्रक्रिया केली की ही तपकिरी, काकवीसारखी दाट स्लरी मिळते. सोडा ॲश (धुण्याचा सोडा) किंवा कॉस्टिक सोडा घालून ती उदासीन केल्यानंतरच तिचे साबणासारखे काम सुरू होते. तोपर्यंत ती तीव्र आम्ल आहे, कातडी जाळते आणि डोळ्यात गेल्यास बुबुळाला कायमची इजा करू शकते. वाफा फारशा येत नाहीत, हाताला तेलासारखी लागते आणि जळजळ कधीकधी उशिरा जाणवते, त्यामुळे हायड्रोक्लोरिक ॲसिडला जपणारी माणसेसुद्धा स्लरीच्या बाबतीत निष्काळजी राहतात. गाळ्यातल्या कामगारांना सर्वांत आधी हीच गोष्ट समजावून सांगावी लागते.

लोखंडी टाकीचा विचार पूर्णपणे सोडून द्या. स्लरी लोखंडाला खाते आणि त्या क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो. बंद टाकीत तो वरच्या रिकाम्या जागेत साठतो, आणि जवळपास कोणी वेल्डिंग केले, ग्राइंडर चालवला किंवा झाकण उघडताना ठिणगी पडली तर टाकी फुटू शकते. शिवाय विरघळलेल्या लोहामुळे माल काळपट होतो आणि पावडरीचा रंग बिघडतो, ते नुकसान वेगळेच. जस्ताचा मुलामा दिलेले पिंप आणि ॲल्युमिनियमचे भांडे यांना तर स्लरी लोखंडाहूनही लवकर खाते, त्यामुळे ओतण्यासाठी घरातले ॲल्युमिनियमचे पातेले किंवा पत्र्याचे नरसाळेसुद्धा वापरू नका. मोठ्या कारखान्यांत यासाठी एस.एस. ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या टाक्या असतात. आपल्या प्रमाणावर, माल ज्या निळ्या, एचडीपीई प्लॅस्टिकच्या बॅरलमध्ये येतो ती बॅरलच सर्वांत योग्य साठवण आहे. तो दुसरीकडे ओतण्याची गरजच नाही.

बॅरलमधून काढण्यासाठी पॉलिप्रॉपिलीनचा हातपंप मिळतो, तो घ्या आणि तो फक्त स्लरीसाठीच राखून ठेवा. बॅरल आडवी करून तोटी लावण्याची पद्धत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे, परंतु स्लरीच्या दाटपणामुळे तोटी नीट बंद झाली की नाही हे लगेच कळत नाही आणि रात्रभर ठिबकत राहते. काही जण कॉम्प्रेसरची हवा सोडून बॅरल रिकामी करतात, तेही करू नका. या बॅरल दाबासाठी बनवलेल्या नसतात. स्लरी पाण्याहून थोडी जड असल्यामुळे २०० लिटरच्या बॅरलमध्ये सुमारे २१० किलो माल बसतो, तेव्हा ती दोघींनी मिळून कलती करणे आणि कडेवर गरगर फिरवत नेणे हे प्रकार बंद करून बॅरलची ट्रॉली आणावी.

आता पावसाळा. उभ्या बॅरलच्या माथ्यावर कडेमुळे पाणी साचून राहते. दिवसा उकाड्याने आतली हवा प्रसरण पावते आणि रात्री आकसते, तेव्हा बुच किंचितही सैल असेल तर माथ्यावरचे पाणी आत ओढले जाते. बॅरलवर थेट पाऊस पडण्याचीही आवश्यकता नाही, गळक्या पत्र्याखालची धार पुरेशी आहे. स्लरी मुळातच हवेतली ओल शोषून घेते. पाणी आत गेले की त्या जागी ती गरम होते, पुढे चिकट जेलसारखी होऊन पंपाला येत नाही, आणि राहिलेल्या मालाचे प्रमाण बदलल्यामुळे तुमचा पुढचा घाणा, म्हणजे एका वेळी केलेले मिश्रण, बिघडतो. म्हणून गळका कोपरा दुरुस्त होईपर्यंत बॅरल तिथे ठेवू नका, प्रत्येक वेळी माल काढल्यावर बुच घट्ट बसवा आणि बॅरल लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पॅलेटवर, उन्हापासून दूर ठेवा. एकावर एक रचू नका.

शहाबादी फरशीचा उल्लेख केलात ते बरे झाले, कारण तो चुनखडीचा दगड आहे आणि आम्लाने तो विरघळतो. स्लरी सांडली की फेस येऊन फरशी खडबडीत होते आणि सांध्यांतून आम्ल खाली झिरपते. सिमेंटची कोबाही त्यातून सुटत नाही. बॅरलखाली एचडीपीईचा गळती-ट्रे ठेवा, किंवा आम्लरोधक टाइल्स बसवून अथवा इपॉक्सीचा लेप देऊन कठडा बांधा. सर्वांत मोठ्या भांड्याच्या ११० टक्के, म्हणजे आपल्या बाबतीत किमान २२० लिटर, त्यात मावले पाहिजेत. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच कठड्यात ३०० लिटर मावतात आणि तीन बॅरलही आरामात उभ्या राहतात.

विदर्भातला_साबणवाला यांचे उत्तर

पर्यवेक्षक साहेबांनी साठवणीचे नेमके सांगितले आहे. माझा अनुभव घाणा टाकण्याचा आहे, त्यामुळे तेवढ्या भागाची भर घालतो, कारण माझ्या मते लहान उद्योगात भाजण्याचे प्रसंग साठवणीपेक्षा मिसळताना अधिक येतात.

लिक्विड करताना आधी पाणी, त्यात कॉस्टिक, ते पूर्ण विरघळून थंड झाल्यावर ढवळत ढवळत बारीक धारेने स्लरी, हा क्रम कधीही उलटवू नये. स्लरीत पाणी किंवा कॉस्टिकचे पाणी ओतले तर उष्णता एकाच जागी निर्माण होऊन मिश्रण उसळते आणि तोंडावर येते. कॉस्टिकच्या फ्लेक्स विरघळतानाच पाणी इतके तापते की हात लावता येत नाही, आणि खरे सांगायचे तर डोळ्यांच्या दृष्टीने मला स्लरीपेक्षा कॉस्टिकची अधिक भीती वाटते. स्लरीच्या चर्चेत लोक त्याला विसरतात.

आपण ९० वरून ९६ टक्क्यांवर जात आहात, तेव्हा जुने प्रमाण तसेच ठेवू नका. पुष्कळांचा समज असा की टक्केवारी वाढली म्हणजे कॉस्टिकही वाढवावे लागेल. ओलियमच्या पद्धतीने केलेल्या ९० टक्क्यांच्या मालात मोकळे सल्फ्युरिक ॲसिड बरेच असते आणि ते स्वतःच कॉस्टिक खाते, म्हणून ९६ टक्क्यांच्या चांगल्या मालाला अनेकदा कॉस्टिक कमी लागते. अंदाजावर न जाता पुरवठादाराकडून त्या लॉटचा चाचणी अहवाल मागा. त्यात ॲसिड व्हॅल्यू, म्हणजे एक ग्रॅम माल उदासीन करायला किती मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागते तो आकडा, दिलेली असते. त्या आकड्याला ०.७१३ ने गुणले की एक किलो स्लरीसाठी लागणारे शुद्ध कॉस्टिक ग्रॅममध्ये मिळते. ॲसिड व्हॅल्यू १८५ असेल तर साधारण १३२ ग्रॅम, म्हणजे दहा किलो स्लरीला १.३ किलोच्या आसपास. थोडे कमी घालून शेवटी पीएच पट्टीने पाहत पाहत पुरते करावे. जुन्याच मापाने कॉस्टिक घातले तर लिक्विड अतिक्षारीय होईल आणि त्याचा त्रास भांडी घासणाऱ्या बाईच्या हातांना होईल.

पावडरीत सोडा ॲश भरपूर असल्यामुळे उदासीनीकरणाला ती कमी पडत नाही, पण त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. दहा किलो स्लरीमागे साधारण ४०० लिटर वायू बाहेर पडतो असा हिशेब येतो. दारे-खिडक्या उघड्या असलेल्या गाळ्यात त्याची फार चिंता नाही, मात्र पाऊस येतो म्हणून शटर ओढून आत घाणा टाकू नये, आणि कोणत्याही परिस्थितीत ताजे मिश्रण बंद ड्रममध्ये भरू नये. फावड्याने जमिनीवर मिसळत असाल तर आणखी एक लक्षात ठेवा. ढीग वरून कोरडा आणि फिकट दिसतो, परंतु आतल्या गाठींमध्ये स्लरी तशीच राहिलेली असते. दुसऱ्या दिवशी चाळताना बायका त्या गाठी उघड्या बोटांनी फोडतात आणि बोटांची कातडी निघते. गाठी फोडायच्याही हातमोजे घालूनच. शक्य असेल तर रिबन मिक्सर घ्या आणि स्लरी एका जागी न ओतता झारीने पसरवत घाला.

आमच्याकडे हिवाळ्यात स्लरी इतकी दाट होते की पंप चालत नाही. अशा वेळी बॅरलखाली शेगडी पेटवू नये. लागेल तेवढी छोट्या कॅनमध्ये काढून तो कॅन कोमट पाण्याच्या टबात बुच घट्ट लावून ठेवला की पुरते. सांगलीत एवढी वेळ कदाचित येणार नाही.

सांडलेल्या स्लरीबद्दल म्हणाल तर आम्ही आजवर पाइपने पाणी मारून धुऊन काढतो आणि काही अडचण आलेली नाही.

सुरक्षा_अधिकारी_रायगड यांचे उत्तर

वरील उत्तरातल्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही आणि ते तसेच राहू नये म्हणून लिहीत आहे. थेंबभर स्लरी पाण्याने धुतली तर काही बिघडत नाही, हे खरे. पाच-दहा लिटर सांडल्यावर पाइप मारला तर तिचा घसरडा थर फरशीभर पसरतो, त्यावर फेस चढतो आणि खाली काय आहे हे दिसत नाही. मग धुणारी व्यक्तीच त्यात घसरून पडते, आणि पडते ती आम्लात. उरलेले सारे गटारात जाते. योग्य पद्धत अशी की प्रथम गळती थांबवावी, सांडलेल्या भागाभोवती कोरड्या वाळूचा बांध घालावा, मग त्यावर वाळू टाकून स्लरी शोषून घ्यावी आणि प्लॅस्टिकच्या फावड्याने ती बॅरलमध्ये भरावी. लाकडाचा भुसा वापरू नये. राहिलेल्या ओशट थरावर सोडा ॲश भुरभुरावी, फेस येणे थांबले की खरवडून घ्यावी आणि शेवटी थोड्या पाण्याने पुसून काढावे. सोडा ॲश तर आपल्याकडे पोत्यांनी आहे, फक्त वाळूच्या दोन बादल्या बॅरलपासून चार पावलांवर भरून ठेवाव्या लागतील.

हायपोचे कॅन मात्र आजच हलवा. संपूर्ण प्रश्नात मला सर्वांत घातक वाटलेली गोष्ट तीच आहे. सोडियम हायपोक्लोराइट आम्लाच्या संपर्कात आले की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो आणि लहान गाळ्यात थोड्या प्रमाणातही श्वास कोंडवतो. ब्लीचिंग पावडरीलाही हेच लागू आहे. येथे नुसते अंतर उपयोगाचे नाही. दोन्ही बॅरल एकाच कठड्यात ठेवल्या तर कठडा असणे हे नसण्यापेक्षा वाईट, कारण दोन्हींची गळती त्यात एकत्र येते. स्लरी आणि हायपो यांच्यासाठी स्वतंत्र खोली, निदान पूर्ण भिंत आड असलेली जागा हवी. दोन्हींचा सांडवा एकाच नालीत उतरत नाही ना हेही पाहा, आणि मापे, नरसाळी, पंप, पुसण्याची फडकी वेगवेगळी ठेवा. गाळा लहान असेल तर दोहोंपैकी एक व्यवसाय दुसऱ्या जागी न्यावा असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथमोपचाराबाबत चालकाने सांगितलेले सोड्याचे पाणी त्वचेवर लावू नये. उदासीनीकरणाची उष्णता जखमेवरच निर्माण होते आणि सोडा शोधण्यात वेळ जातो तो वेगळा. स्लरी लागलेले कपडे, चपला, बांगड्या, घड्याळ ताबडतोब काढून वाहत्या पाण्याखाली त्या जागेला १५ ते २० मिनिटे धरावे. डोळ्यात गेल्यास पापण्या बोटांनी उघड्या धरून तितकाच वेळ पाण्याची मंद धार सोडावी आणि ती सोडत असतानाच दुसऱ्या कोणीतरी १०८ ला फोन करावा. दूध, तूप, मध, गुलाबपाणी यांतले काहीही डोळ्यात घालू नये, आणि आग कमी झाली म्हणून दवाखान्यात जाणे टाळू नये. पोटात गेल्यास चूळ भरायला द्यावी, उलटी करवू नये, कारण वर येताना स्लरी अन्ननलिकेला पुन्हा भाजते आणि फेस श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. दवाखान्यात जाताना बॅरलवरच्या लेबलचा फोटो सोबत न्यावा.

लेबलवरून आठवले. या मालाच्या वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक असतो. मोकळे सल्फ्युरिक ॲसिड ५ टक्क्यांपर्यंत असेल तर २५८६ आणि त्याहून अधिक असेल तर २५८४. दोन्ही वर्ग ८ मध्ये, म्हणजे संक्षारक पदार्थांत मोडतात. तुमच्या पुरवठादाराचे "काही होत नाही" या क्रमांकापुढे टिकत नाही. धोकादायक रसायनांच्या १९८९ च्या नियमांप्रमाणे अशा मालाच्या भांड्यावर त्यातील पदार्थाचे नाव, उत्पादकाचे नाव-पत्ता आणि त्याच्या गुणधर्मांची माहिती असावी लागते, आणि सुरक्षा माहितीपत्रक मिळवून ठेवणे ही माल वापरणाऱ्याचीही जबाबदारी असते. ते मागून घ्या, मराठीत सोप्या वाक्यांत उतरवून भिंतीवर लावा. पुरवठादार देत नसेल तर माझ्या मते पुरवठादारच बदलावा, कारण जो माहितीपत्रक देत नाही त्याने बॅरलमध्ये नेमके काय भरले आहे याचाही भरवसा नाही.

निळी_पावडर यांचा पुढील प्रश्न

तिघांचेही मनःपूर्वक आभार. हायपोचे कॅन दिरांच्या घराजवळच्या बंद खोलीत हलवले आहेत आणि लोखंडी टाकीचा विषय संपवला आहे. दोन शंका राहिल्या. स्लरीत पाणी जाऊ देऊ नका, सांडल्यावर पाणी मारू नका असे आपण सांगता, मग अंगावर उडाल्यावर पाणीच कसे ओतायचे? त्याने अधिक भाजणार नाही का? आणि हातमोजे नेमके कोणते घ्यावेत? दुकानात दवाखान्यातले पातळ मोजे आणि वेल्डिंगचे चामडी मोजे असे दोनच प्रकार मिळाले.

सुरक्षा_अधिकारी_रायगड यांचे उत्तर

शंका योग्य आहे. बॅरलमध्ये स्लरी अधिक आणि पाणी कमी असते, म्हणून निर्माण झालेली उष्णता जायला जागा नसते. अंगावर स्लरी चमचाभर आणि नळाचे पाणी वाहते असते, त्यामुळे उष्णता आणि आम्ल दोन्ही वाहून जातात. म्हणूनच ओल्या फडक्याने पुसणे किंवा तांब्याभर पाणी ओतून थांबणे ही अर्धवट कृती घातक आहे. पाणी भरपूर आणि सतत हवे. घाणा टाकण्याच्या जागेपासून काही सेकंदांत, डोळे मिटलेले असतानाही पोहोचता येईल असा नळ आणि त्याला मऊ पाइप बसवून घ्या. टाकीत पाणी आहे की नाही हे काम सुरू करण्यापूर्वी पाहिलेच पाहिजे, कारण औद्योगिक वसाहतीत पाणी कोणत्या वेळी जाते हे मी आपल्याला सांगण्याची गरज नाही.

दवाखान्यातले मोजे फाटतात आणि चामडे स्लरी शोषून घेऊन ती हाताला चिकटवून ठेवते, त्यामुळे चामडी मोजे न घालणे परवडले. कोपरापर्यंतचे जाड नायट्राइल, निओप्रीन किंवा पीव्हीसीचे मोजे घ्या, शेतीसाहित्याच्या दुकानात फवारणीसाठीचे मिळतात. मोज्याची कड वर दुमडून ठेवावी, म्हणजे हात उचलल्यावर ओघळ कोपराकडे येत नाही. डोळ्यांना चारही बाजूंनी बंद असणारा गॉगल, पीव्हीसीचा एप्रन आणि गमबूट हवेत. साडीचा पदर आणि ओढणी एप्रनच्या आत खोचलेली असावी. गमबुटात सलवार खोचू नका, ती बाहेरून खाली सोडावी, नाहीतर ओघळलेली स्लरी बुटातच साचते.

विदर्भातला_साबणवाला यांचे उत्तर

पाइप मारण्याविषयीची दुरुस्ती मान्य. आमचा गाळा उताराचा असल्याने पाणी लगेच वाहून जाते, म्हणून आम्हाला त्याचे काही वाटत नव्हते, पण ते कोठे जाते हा प्रश्न राहतोच.

ओढ्याकाठचा यांचे उत्तर

ते कोठे जाते हे आम्हाला ठाऊक आहे, कारण वसाहतीच्या खालच्या अंगाला आमची शेती आहे. पावसाळ्याच्या पहिल्या सरीबरोबर ओढ्याला पांढरा फेस येतो. फेस कोणाच्या गाळ्यातून आला हे सिद्ध करता येत नाही, म्हणून कोणाचे नाव घेत नाही.

येथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. उद्योजक मंडळी सांगतात की हा पदार्थ जैवविघटनशील आहे, तेव्हा गटारात गेला तरी निसर्ग पाहून घेईल. विघटनाची गोष्ट खोटी नाही. १९६० च्या दशकापूर्वी डिटर्जंटांत फांद्याफांद्यांची साखळी असलेले अल्किल बेन्झीन वापरत आणि युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे ढीग साचत. ते जिवाणूंना सहज पचत नसे, म्हणूनच सरळ साखळीचे लिनिअर अल्किल बेन्झीन आले. परंतु हे विघटन प्राणवायू भरपूर असलेल्या पाण्यात आणि पदार्थ विरळ असताना होते. साचलेल्या, काळ्या पडलेल्या गटारात प्राणवायूच नसतो, तिथे ते जवळजवळ होत नाही. आणि आपण बोलत आहोत ती तर उदासीन न केलेली स्लरी आहे. तिच्या आम्लाने आणि पृष्ठक्रियेने माशांचे कल्ले आधी निकामी होतात, विघटन नंतरचे. आपल्या वसाहतीत सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र असले तरी तेही जिवाणूंवरच चालते आणि तीव्र आम्लाचा एकदम आलेला लोंढा त्यांना सोसत नाही. धुण्याचे पाणी वेगळ्या टाकीत धरून ते पुढच्या लिक्विडच्या घाण्यात वापरता येते. आमच्या नात्यातले एक गृहस्थ असेच करतात आणि त्यांचा माल वाया जात नाही.

दुसरा विषय रिकाम्या बॅरलींचा. गावात या निळ्या बॅरलींना मोठी मागणी असते, पाणी साठवायला, कांद्याचे बी ठेवायला, जनावरांना पाणी पाजायला. आतल्या भिंतीला चिकटलेली स्लरी दोन वेळा धुतल्याने निघत नाही. धोकादायक रसायनाची रिकामी भांडी हा २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या कक्षेत येणारा कचरा आहे. ती पुरवठादाराला परत द्यावीत किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यावीत. तीन बॅरल घेताना परतीची अट बिलावरच लिहून घ्या, नंतर कोणी येत नाही.

तसेच, घरी पावडर करणाऱ्या बायका गाळ्यावर येऊन अर्धा-एक किलो सुटी स्लरी मागतात हे मी पाहिले आहे. ती शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून देऊ नका. शक्यतो देऊच नका.

जुना_पर्यवेक्षक यांचे उत्तर

सुट्या विक्रीबद्दल वरच्या सदस्यांशी शंभर टक्के सहमत.

ताई, अखेरचा मुद्दा तीन बॅरलींचा. आपण ५० किलोचा कॅन आठवड्यात संपवत असाल तर एक बॅरल महिनाभर पुरेल आणि तीन बॅरल तीन महिने. चांगली स्लरी बंद बॅरलमध्ये तेवढा काळ टिकते, तेव्हा प्रश्न टिकण्याचा नाही. प्रश्न असा की पत्र्याखाली उन्हाळ्यात ती तापून रंग गडद होतो, पावसाळ्यात वर सांगितलेला त्रास आणि शिवाय पाच जणींच्या गाळ्यात सहाशे किलोंहून अधिक आम्ल कायम पडून राहणार. मी आपल्या जागी असतो तर गळका कोपरा, कठडा आणि नळ ही तिन्ही कामे पुरी होईपर्यंत एकच बॅरल घेतली असती, आणि दर कमी करून घेण्यासाठी तीन बॅरलींची मागणी एकदम नोंदवून माल महिन्याला एक असा उचलण्याची बोलणी केली असती. पुष्कळ पुरवठादार याला तयार होतात. बॅरल आली की तिच्यावर आल्याची आणि उघडल्याची तारीख मार्करने लिहा, लॉट क्रमांक वहीत उतरवून घ्या आणि फुगलेली किंवा बुचाभोवती ओघळ असलेली बॅरल गाडीतून उतरवूनच घेऊ नका.